भरल्या घरट्याखालून

आमच्या घरात स्वस्थ बसायची सवय कुणालाच नव्हती. बाबा शिंपी. दिवसभर दुकानात मशीनचा पायटा हलवून घरी आले की जेवायला बसल्यावरही त्यांचं उजवं पाऊल आपलं खालीवर, खालीवर चालूच. अम्मा एका भाकरीला तीनदा उठायची. एकदा पाण्याला, एकदा मिठाला आणि एकदा कशाला ते तिलाही आठवायचं नाही. मग ती चुलीपाशी जाऊन उगाच झाकण उचलून बघायची आणि परत यायची. माझ्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘हिच्या पायाला भिंगरी हाय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की कुणी नाव विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. आता पंचाहत्तरी उलटली, गुडघे बोलतात, उठण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. पण स्वस्थपणा म्हणाल तर तो अजून आलेला नाही. ऑगस्ट सरत आला की मला घर खायला उठतं. मी इथे आखातात, मुलीकडे सलव्याला असते, चौथ्या मजल्यावर, खिडक्या बंद, थंड हवेचं मशीन घुमतंय, आणि मी या खिडकीतून त्या खिडकीत. मुलगी विचारते, ‘अम्मी, दरवर्षी याच दिवसांत तुला काय होतं गं?’ तिला मी काही सांगत नाही. इथे लिहिते.

तेव्हा आम्ही याच शहराच्या जुन्या गावात, शर्कमध्ये, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहायचो. मातीच्या जाड भिंतींचं बैठं घर, मधे उघडं अंगण, अंगणाच्या एका बाजूला उत्तरेकडे तोंड केलेली ओसरी आणि ओसरीमागे दोन खोल्या. ओसरीच्या छपराला आफ्रिकेहून गलबतांनी आणलेले गोल वासे होते, त्यांच्यावर चटया आणि चटयांवर माती. घर भाड्याचं होतं, पण अम्माने ते असं सारवून-पुसून ठेवलं होतं की घरमालक आला तरी चप्पल दाराबाहेर काढायचा. बाबांचं दुकान बाजारात होतं. अरबांचे पायघोळ पांढरे झगे, दिशदाशा, शिवायचे. उरलेलं काम ते संध्याकाळी घरी आणायचे, ओसरीतल्या चटईवर कापड पसरायचे आणि खडूने खुणा करायचे. रत्नागिरीकडच्या खाडीवरलं आमचं गाव. गावातले निम्मे बाप्ये तेव्हा आखातात नाहीतर बोटीवर असायचे आणि त्यांच्या बायका गावी पत्रांची वाट बघत. अम्माने लग्नानंतर तीन वर्षं वाट बघितली आणि चौथ्या वर्षी सासूला सांगितलं, ‘एकतर त्यांना हय आणा, नायतर मना थय धाडा.’ सासूने तिला थय धाडलं. तिच्या बोलण्यात कुणी मधे पडायचं नाही. ती मोठ्याने बोलायची नाही, पण बोललेलं मागे घ्यायची नाही.

त्या उन्हाळ्यात पाकोळ्या आल्या. तशा त्या दरवर्षी यायच्या, पण वाटसरूसारख्या. थंडी सरताना एकदा आणि उन्हाळा संपताना एकदा, थव्याथव्याने, समुद्रावरून आल्या की दोन दिवस तारांवर बसायच्या आणि पुढे जायच्या. त्या साली मात्र एक जोडी मागे राहिली. आमच्या अंगणात गोड्या पाण्याचं पिंप होतं. पाणीवाला एक दिवसाआड येऊन ते भरायचा. पिंपाच्या बुडाला बारीक चीर गेली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळून खाली वीतभर चिखल झालेला असायचा. सगळं गाव भाजून निघत असताना एवढा एक चिखल. अम्मा रोज सकाळी पिंपाला शिव्या द्यायची आणि बाबा रोज ‘आज लाख लावतो’ म्हणायचे. मग एका सकाळी तिने बघितलं, की काळ्यानिळ्या पाठीची, तांबूस गळ्याची एक पाकोळी तिथे उतरून चोचीत मातीची गोळी उचलतेय. अम्मा हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. बाबांना म्हणाली, ‘लाख नका लावू. अबाबील माती न्हेतेय.’

आमच्यात जुनी माणसं पाकोळीला अबाबीलच म्हणायची. अल्लाच्या घरावर हत्ती चालून आले तेव्हा चोचीत खडे घेऊन आलेली ती पाखरं हीच, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तिचं घरटं कुणी पाडत नाही, तिला कुणी हाकलत नाही, तिची घाण पडली तर तोंड वाकडं करत नाही. शेजारच्या उम्म यूसुफ भिंतीच्या खिडकीवजा भोकातून आमच्याकडे बघायच्या आणि अरबी-हिंदीची खिचडी करून बोलायच्या. त्यांना हा प्रकार पसंत पडला नाही. ‘या गरमीत? बच्चा? मजनून हैं,’ वेडी आहेत ही पाखरं, असं म्हणून त्यांनी कपाळाला बोट लावलं. पण आठ-दहा दिवसांत ओसरीच्या तिसऱ्या वाशावर, छपरापासून चार बोटं खाली, अर्ध्या वाटीएवढं घरटं उभं राहिलं. बाहेरून मातीचे बारीक बारीक गोळे, मधे गवताची काडी, एखादा बकरीचा केस. बाबा रोज संध्याकाळी मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, ‘शिवण बरीक पक्की हाय.’

बाबांचा आणखी एक नियम होता आणि तो फक्त त्यांच्या घराण्याचा. भरल्या घरट्याखालून कुणी सफरीला निघायचं नाही. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तोवर त्या घरातलं माणूस दर्यावर जाणार नाही, गाव सोडणार नाही. बाजारात जा, दुकानात जा, पण बोचकं बांधून उंबरा ओलांडायचा नाही. त्यांचा थोरला भाऊ, आदमकाका, एका सकाळी घरट्यात पिल्लं असताना हसत हसत मचव्यावर गेला आणि परत आला नाही. मचवा आला, तो आला नाही. तेव्हापासून आजीने हा कायदा केला आणि बाबा, जे एरवी जिनभूत, नजरबिजर काही मानायचे नाहीत, ते या एका बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत.

आता मूळ गोष्ट सांगते. त्या उन्हाळ्याअखेर मला गावी धाडायचं ठरलं होतं. मला बारावं लागलं होतं. इथे आपल्या भाषेची शाळा नव्हती. बाबांच्या ओळखीचे एक कारकून आठवड्यातून तीनदा येऊन मला वाचायला-लिहायला शिकवायचे, पण त्यांची बदली झाली. गावी बाबांची थोरली बहीण, आमची फूफी, राहायची. घर मोठं, स्वतःचं मूलबाळ नाही, तालुक्याची शाळा खाडीच्या पलीकडे. बाबांनी तिला पत्राने शब्द दिला होता. गावचे करीमचाचा आणि हलीमाचाची ऑगस्टअखेरच्या बोटीने कायमचे परत जाणार होते, त्यांच्या सोबतीने मी जायचं. माझा थोरला भाऊ युनूस चार वर्षांपूर्वी असाच फूफीकडे गेला होता. दोन वर्षांनी सुट्टीत आला तेव्हा अम्माने त्याच्यासाठी सांदणं केली, पापलेट आणलं, दाराशी जाऊन उभी राहिली. तो आत आला आणि तिला म्हणाला, ‘तुमी कशा हाय?’ तुमी! अम्माने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो अंग चोरून उभा राहिला. महिनाभर तो पाहुण्यासारखा राहिला. ताटात घातलेलं सगळं खायचा, काही मागायचा नाही. तो गेल्यावर अम्मा त्याच्याबद्दल फार बोलली नाही. पत्र माझ्याकडून लिहून घ्यायची, आणि ‘तू’ लिहायला सांगायची. त्याच्या उत्तरात ‘तुम्ही’च असायचं.

मग माझं जाणं ठरलं. बाबांनी जेवताना सांगितलं, तिने ऐकलं, उठली, चुलीपाशी जाऊन झाकण उचललं आणि ठेवलं. मीच रडले, पाय आपटले, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली. बाबा समजुतीने म्हणाले, ‘अजून अंडी हायत ना वर? पाखरं उडाली की मग बघू.’ त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बोट ऑगस्टअखेरची, तोवर पिल्लं खात्रीने उडतील. पण मी ते असं धरलं की माझं जाणं आता बाबांच्या नाही, करीमचाचांच्या नाही, त्या घरट्याच्या हातात आहे. तिथून माझी झोप उडाली आणि घरच्यांचीही उडवली.

घरटं छपराला इतकं लागून होतं की खालून आतलं दिसायचं नाही. बाबांचा गुडघा मशीनने खाल्लेला, आणि अम्माला पाटावर चढलं तरी भोवळ यायची. म्हणून घरट्याची खबर आणायचं काम माझ्याकडे आलं. बाबांनी दुकानातला हातात धरायचा आरसा आणला आणि लाकडी गजाच्या टोकाला सुतळीने बांधून दिला. मी चहाच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहायची, गज वर करायची आणि आरशात बघायची. चार अंडी, पांढरी, तांबूस ठिपक्यांची. मग एका सकाळी चार लालभडक चोची, जणू कुणी चार चिमटे उघडून ठेवलेत. बाबा सकाळच्या नमाजानंतर चहा घेत ओसरीत बसायचे आणि विचारायचे, ‘काय खबर, जैबू?’ मी सांगायची. पंख फुटले, डोळे उघडले, एकाने दुसऱ्याला ढकललं. अम्मा खाली फडकं घेऊन बसलेली असायची, कारण पिल्लं मोठी झाली तशी घरट्याच्या काठावर बूड करून खाली शिटायला लागली होती आणि ओसरीच्या फरशीवर रोज पांढरेकाळे ठिपके पडायचे. ती ते पुसायची, पुन्हा पडायचे, पुन्हा पुसायची.

ते दिवस कसे होते म्हणून सांगू. दुपारी अंगणात पाय ठेवता यायचा नाही. दोन दिवसांनी एकदा तोझ उठायची, धुळीची पिवळी भिंत, आणि मग भातात, दातात, कुराणाच्या पानात, सगळीकडे रेती. नंतर दमट वारा सुटायचा, भिंतींना घाम फुटायचा, सुकट आणि बोंबलांचा वास खोलीभर बसायचा. खजुरीचा पहिला ओला माल बाजारात आला होता, बाबा रोज कागदात बांधून आणायचे, आणि मला तो गोड लागायचा नाही. पाकोळ्यांची जोडी दिवसभर ये-जा करायची. अंगणावरून सूं करून आत, चार चोची किंचाळायच्या, पुन्हा सूं करून बाहेर. मी मोजायचा प्रयत्न करायची आणि चुकायची. मी मनात म्हणायची, कशाला एवढं भरवताय, हळू वाढवा ना त्यांना. उम्म यूसुफ म्हणायच्या, ‘सुहैल निकलेगा, बस, सब चले जायेंगे.’ सुहैल म्हणजे ऑगस्टच्या शेवटी पहाटे दिसणारा तारा. तो दिसला की गरमी मोडते, असं तिथले लोक धरतात. तेव्हा मला त्या ताऱ्याचा राग आला.

बोटीला अकरा दिवस उरले असताना पिल्लं उडाली. मी बघत होते. एक काठावर आलं, पडल्यासारखं झालं आणि पिंपापर्यंत जाऊन भिंतीवर बसलं. दुपारपर्यंत चारही उडाली. संध्याकाळी ती परत आली, घरट्यात दाटीवाटीने बसली, मला हायसं वाटलं. दोन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी आली नाहीत. चौथ्या सकाळी मी खोक्यावर चढले, आरसा वर केला. आरशात रिकामी वाटी, तळाशी एक पीस. खाली बाबांनी विचारलं, ‘काय खबर, जैबू?’

‘हायत,’ मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला अजून कळत नाही. बाबांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, ‘आज गप्प हायत.’

‘पोट भरलंय त्यांचं.’

‘बरं.’ ते उठले, टोपी घातली आणि दुकानात गेले.

मी दिवसभर खोलीत तोंड लपवून बसले. अबाबीलबद्दल खोटं बोलायचं, म्हणजे कुठल्या थराला गेले होते मी. आता छपरातून खडा येऊन डोक्यात पडेल असं खरोखर वाटत होतं. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा ‘हायत’ म्हटलं, आणि खोट्याचं असं असतं की दुसऱ्या दिवशी ते अर्धंच जड लागतं. बाबांनी वर बघितलं, मग खाली बघितलं. ‘फरशी स्वच्छ दिसते,’ ते म्हणाले. अम्मा भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. ‘मीच पुसली मघाशी,’ ती म्हणाली. फरशी कोरडी खडखडीत होती.

तिसऱ्या सकाळी मी बाहेर आले आणि जागीच थबकले. फरशीवर ठिपके होते, ताजे, पांढरे, सहा-सात. पाखरं परत आली! मी खोक्यावर झेपावले, आरसा वर केला. तीच रिकामी वाटी, तेच पीस. खाली उतरले, वाकून एका ठिपक्याला बोट लावलं. बोटाला पीठ लागलं. बाबांचा खडू. शिंप्याच्या घरातल्या पोरीला खडू ओळखायला वेळ लागत नाही. पाण्यात कालवून टाकलेला, आणि टाकलाही कसा, शिवणीच्या खुणांसारखा एका ओळीत, तोही घरट्याच्या भिंतीकडल्या बाजूला, जिथे पाखरू शिटूच शकत नाही. मी चुलीकडे बघितलं. अम्माची पाठ माझ्याकडे होती. भाकरी परतताना तिच्या अंगठ्याच्या नखात पांढरं भरलेलं दिसलं.

बाबा नमाजाहून यायला थोडा वेळ होता. मी आत गेले, अम्माची सुरमेदाणी घेतली आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सळईने काळा टिपका दिला, कारण पाकोळीच्या शिटेत पांढरं असतं तसं काळंही असतं. दोन ठिपके पायाने पुसून पुढे घेतले, काठाच्या बरोबर खाली. अम्मा वळली, माझ्या हातातल्या सळईकडे बघितलं, पुन्हा तव्याकडे वळली. ‘हात धू,’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ठिपके योग्य जागी पडायला लागले आणि त्यांच्यात काळंही असायचं. मला पुन्हा हात लावावा लागला नाही. इतकं नीट काम तिने केलं की पाकोळीनेही आपलंच म्हणून ओळखलं असतं.

बाबा रोज येऊन बसायचे, फरशीकडे बघायचे, ‘काय खबर’ विचारायचे आणि ‘हायत’ ऐकून घ्यायचे. एकदा संध्याकाळी कापड पसरून बसले असताना म्हणाले, ‘माझा पांढरा खडू कुणी घेतला? काल अख्खा होता.’

‘उंदरांनी न्हेला असेल,’ अम्मा म्हणाली.

‘उंदीर खडू खातात?’

‘हयचे खातात.’

बाबा ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्यांनी दोन नवे खडू आणून सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवले. मला वाटलं, किती भोळे आहेत. आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी मला त्यांची दया यायची.

करीमचाचा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा जरा तापलेच. ‘अरे, पाखरांपायी पोरीचं वर्ष घालवतंस? शाळा कवाच उघडली थय.’ बाबा म्हणाले, ‘आदमला विसरलास?’ करीमचाचांनी चप्पल घातली आणि ते निघून गेले. बोट गेली. त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो, अम्माने कोळंबीचा पुलाव केला होता, कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. बाहेर बंदरात भोंगा झाला. अम्मा त्या जेवणात एकदाही उठली नाही. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं की ती सबंध जेवण बसून जेवू शकते.

पण असं किती दिवस चालणार. दोन आठवड्यांनी घरमालक आला आणि या वेळी चप्पल घालूनच आत आला. सरकार जुनं गाव घेतंय, रुंद रस्ते होणार, आमची सगळी ओळ पाडणार, महिनाभरात घर मोकळं करायचं. तो बिचारा स्वतःही घाबरला होता. पैसे मिळणार होते, पण त्याच्या बापाने बांधलेली भिंत होती ती. पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणाला आशा लागून राहायला नको: थंडी संपायच्या आत ते घर सपाट झालं, वासे कुणीतरी चुलीत घातले, आणि आता तिथे कुठली इमारत आहे ते मला धड सांगता येत नाही. मुलीने एकदा गाडीतून फिरवून आणलं, मला समुद्र तेवढा ओळखता आला.

बाबांना मित्राच्या ओळखीने गावाबाहेर खैतानला एक खोली मिळाली, तीही आणखी एका कुटुंबाबरोबर, मधे पडदा टाकून. पडद्याच्या पलीकडे दोन तरुण मुलगे. बारा वर्षांच्या मुलीला तिथे ठेवता येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. त्या संध्याकाळी बाबांनी कापड पसरलं नाही. ओसरीत बसले. आकाशात उत्तरेकडून आलेल्या पाकोळ्यांचे थवे तारांवर उतरत होते, इतक्या, की तारा वाकल्यासारख्या दिसत होत्या. त्यांच्यात आमची कुठली ते ओळखणं शक्य नव्हतं. बाबांनी मला जवळ बसवलं. त्यांचं पाऊल त्या दिवशी हलत नव्हतं.

‘जैबू, खरं सांग. घरट्यात पिल्लं हायत?’

अम्मा भांडी घासत होती, घासायचा आवाज थांबला. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण राखेचा हात तसाच धरून ठेवला. खोटं बोलायला माझी जीभ तयार होती, महिन्याभराची सवय होती. पण बाबांनी ‘काय खबर’ विचारलं नव्हतं, ‘खरं सांग’ म्हटलं होतं, आणि ते असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

‘नाय. उडाली.’

‘कवा?’

‘बोटीच्या आधीच. मी खोटं बोलले.’ अम्माचं नाव मी घेतलं नाही, आणि खडूचंही.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओरडले नाहीत, कुराणाची शपथ घातली नाही. म्हणाले, ‘मग पुढल्या बोटीनं जा.’ अम्माने भांडी घासायला घेतली. त्या आवाजावरून मला कळलं की ती रडते आहे.

पुढची बोट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होती. सोबतीला करीमचाचांच्याच घरचे दुसरे लोक मिळाले, त्यांचे मेहुणे इस्माईलभाई आणि त्यांची बायको. अम्माने माझ्यासाठी दोन फ्रॉक शिवून घेतले, वाढत्या अंगाचे, चार बोटं जास्त. निघायच्या दिवशी ती बंदरावर आली नाही. दारात माझी वेणी तिसऱ्यांदा सोडून घातली आणि म्हणाली, ‘पत्रात मना तू लिही. तुमी लिहिलंस तर मी वाचून घेणार नाय.’ मी ‘बरं’ म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं. ज्याला वाचायला सांगणार त्याला हे सांगून ठेवणार होती ती. पुढे सात वर्षं मी फूफीकडे होते आणि एका पत्रातही चुकले नाही. पण समोर आल्यावर, पहिल्याच सुट्टीत, तोंडून ‘तुमी’ निघालं. मी जीभ चावली. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते मला आजही टोचतं, आणि हे लिहितानाही टोचलं.

तेव्हा बोट बंदराला लागायची नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची. लाँचने जायचं आणि हलत्या शिडीवरून वर चढायचं. बाबा लाँचमधून बोटीपर्यंत आले. सगळा गलका, पेट्या, गाद्या, कुणाची कोंबडी सुटलेली, खलाशी ओरडताहेत. बाबांनी मला शिडीवर चढवलं, त्यांचा हात सुटला, मी वर कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाली लाँच लाटांवर खालीवर होत होती आणि बाबा एका हाताने टोपी धरून उभे होते, खूप लहान दिसत होते. मला वाटलं ते काहीतरी सांगतील, नमाज चुकवू नको, फूफीचं ऐक, बाप सांगतात तसं. लाँच सुटली तेव्हा त्यांनी तोंडाला दोन्ही हात लावले आणि सगळ्या माणसांच्या देखत ओरडून सांगितलं,

‘पुढल्या उन्हाळ्यात ये, जैबू! खडू मी आणून ठेवतो! सुरमा तुझ्या अम्माकडं हायच!’

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते छप्पर उभं राहणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी टोपी सावरली आणि खाली बसले. लाँच बंदराकडे वळली. शेजारी इस्माईलभाई कठड्याला टेकून उभे होते, त्यांनी विचारलं, ‘काय बोलला तुझा बाप?’

‘काय नाय,’ मी म्हटलं, ‘दुकानाचं.’